साळवणच्या रानातली पडझड, चेनसॉ आणि गोठ्यातली येझदी

घाटवाट_०९ | २ नोव्हेंबर

राम राम मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण रान एकच, म्हणून धागाही एकच काढतोय.

साळवणच्या वर डोंगराला आमचं तीन एकर मालकी रान आहे. आबांनी वीसेक वर्षांपूर्वी बांधाला नीलगिरी आणि पडीक तुकड्यात आकेशिया लावलेला. यंदा ऑगस्टात एका रात्रीत अकरा झाडं आडवी झाली. त्यात एक जांभूळ, एक ऐन, बाकी नीलगिरी-आकेशिया. बुंधे फूट-दीड फुटाचे, एकमेकांच्या अंगावर पडलेत, तीन-चार तर मुळासकट उपटलेत. गावातला मशीनवाला आज येतो उद्या येतो करत दिवाळी आली. म्हटलं आपणच चेनसॉ घ्यावा. ऑनलाइन ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं (साखळी जिच्यावर फिरते ती) मशीन सात-आठ हजारांत दिसतंय. नावाजलेल्या कंपनीचं ३०-३२ सीसीचं घ्यायला गेलं तर त्याच्या तिप्पट. सीसी जवळजवळ दुप्पट आणि पैसे तिसरा हिस्सा, मग अडतंय कुठं?

दुसरं. सडकेपासून रानापर्यंत दीड किलोमीटर जांभ्याची चढण. ट्रॅक्टर अजून महिनाभर चढत नाही. गोठ्यात चुलत्यांची ८२ सालची येझदी मोटरसायकल बारा वर्षं उभी आहे, सीटवर कोंबड्या बसतात. मशीन, कॅन, कोयता, पहार घेऊन वर जाण्यापुरती ती उठवता येईल का?

---

उद्यम_लेथ | २ नोव्हेंबर

कुठं अडतंय ते दुसऱ्या मोसमात कळतंय भावा.

लाकूड सीसी कापत नाही, साखळी कापते. बोथट साखळीचं ५८ सीसी आणि धार लावलेलं ३० सीसी शेजारी ठेवून बघ, आकेशियात कोण आधी पलीकडं जातंय ते. खाली काय पडतंय त्याच्याकडं लक्ष दे. खोबऱ्याच्या किसासारख्या जाड चिपळ्या पडल्या तर धार हाय. मैद्यासारखा भुसा पडला तर थांब, मशीन दाबू नको. दाबलं की पट्टी तापते, क्लच तापतो, आणि माणूस म्हणतो मशीन कमी पडतंय.

स्वस्तातलं मशीन घेऊच नको असं म्हणत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याकडं महिन्याला दोन-तीन येतात. इंजिन बरं असतं बऱ्याचदा. रडणं असतं ते ऑईल पंपाचं, साखळीच्या ब्रेकचं आणि कार्बोरेटरच्या पडद्याचं. एकसारखी दिसणारी दोन मशीनं, आणि एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही. ब्रेक नीट लागत नसला तर मात्र ते मशीन हातात धरू नको, फुकट मिळालं तरी.

आणि २२ इंच कशाला? १६ इंचाची पट्टी दोन्ही अंगांनी घातली की दीड-दोन फुटाचा बुंधा निघतो.

---

काजूवाली | ३ नोव्हेंबर

लेथदादांना +१. चंदगडकडं आमची काजूची बाग आहे. छाटणीला मी चार वर्षं तसलंच स्वस्तातलं मशीन वापरतेय, ५२ सीसी. चाललंय. पण चाललंय ते का, तर मी कानस सोडत नाही.

माझ्या साखळीला .३२५ पिच (कड्यांचं इंचातलं माप) आहे, त्याला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. लहान मशीनला ३/८ लो प्रोफाइल असेल तर ४ मिलिमीटरची. दुकानदार हातात येईल ती देतो, त्यामुळं पिच विचारूनच घ्या. दर टाकीला पेट्रोल भरायच्या वेळी मी बसते, प्रत्येक दाताला तीन ओढी, सगळ्या एकाच दिशेनं, ३० अंशांच्या खुणेत. कानस परत ओढायची नाही, उचलून पुन्हा ठेवायची. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू. दहा मिनिटं लागतात. एका बाजूला जास्त ओढी पडल्या तर काप वाकडा जातो, मग पट्टीला दोष देऊ नका. चार-पाच वेळा धार झाली की दातापुढचं ते बुटकं बोट चपट्या कानशीनं किंचित उतरवायचं. पाऊण मिलिमीटरच्या आत. जास्त उतरवलं की मशीन उड्या मारतं.

पहिल्या वर्षी गड्यानं नवी साखळी उलटी बसवली होती. अर्धा दिवस काजूच्या फांदीवर नुसता धूर. तो म्हणतो, "ताई, लाकूड लई कडक हाय." मलाही तोवर कळलं नव्हतं, हे कबूल करते.

---

दोन_स्ट्रोक | ३ नोव्हेंबर

येझदीबद्दल मी बोलतो. पहिली गोष्ट म्हणजे किक मारू नका. बारा वर्षं उभ्या गाडीला लोक पहिली किक मारतात आणि पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा स्लीव्हवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, ओढतात.

प्लग काढा. भोकातून दोन-तीन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल सोडा, दोन दिवस तसंच ठेवा. मग गिअरात टाकून मागचं चाक हातानं हळू हळू पुढं-मागं करा. पिस्टन सुटला की हाताला कळतं, घट्ट झाकण सुटल्यासारखं. नाही सुटला तर आणखी दोन दिवस. घाई नको.

टाकी काढून आत गंज बघा. जुनी सायकलची चेन आणि मूठभर बारीक खडी घालून हलवा, चेनीचं एक टोक बाहेर धरून ठेवा म्हणजे नंतर काढायला हाल नाहीत. कॉकचा बूच गेलेला असणारच. ठिणगीचे पॉइंट काळे पडलेले असतील, बारीक पॉलिश पेपरनं पुसून ०.४ मिलिमीटर गॅप. कंडेन्सर नवा टाका, जुन्यावर वेळ घालवू नका.

आता खरं काम. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या दोन्ही अंगांची, सीलं. ती रबराची आहेत, आणि बारा वर्षांत रबराची चिप्पी होते. डाव्या अंगाचं सील गेलं तर गाडी गिअर ऑईल पिते, पांढरा धूर धरते आणि गिअरबॉक्समधलं ऑईल कुठं जातंय ते कळत नाही. उजव्या, डायनॅमोच्या अंगाचं गेलं तर हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, गाडी मोकळ्यावर आपोआप रेस घेते. लोक खूश होतात, काय पिकअप आलाय म्हणून. चार किलोमीटरनंतर चढाला पिस्टन धरतो. इंजिन उघडायचं नसेल तर गाडी गोठ्यातच बरी, कोंबड्यांना जागा तरी आहे.

चढणीसाठी एक युक्ती. मागं मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बसवायचा मोह होईल, पण येझदीची चेन बंद कव्हरात आहे, तिथं जागा नाही. पुढचं एक दात कमी करा.

---

नवा_पाहुणा | ३ नोव्हेंबर

किक आणि गिअर एकच दांडा असतो म्हणतात, खरं का? आणि एवढ्या उचापतीपेक्षा एक्सपल्स किंवा हिमालयन घ्यावी की सरळ. डोंगराला बनवलेल्याच गाड्या आहेत.

---

दोन_स्ट्रोक | ३ नोव्हेंबर

खरं आहे. पुढं असताना गिअर, आत दाबून मागं वर फिरवला की किक. जावापासूनची पद्धत. ही गाडी म्हैसूरला बनायची, १९९६ ला कारखाना बंद पडला. २०२२ ला येझदी नाव परत आलं, पण ती फोर-स्ट्रोक, वेगळंच जनावर.

हिमालयन सुंदर गाडी आहे. पण ती कोयता-पहार लादून जांभ्यावर आपटायला मला तरी जीव होणार नाही. हप्ते चालू असताना तर नाहीच. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जुनी माणसं विचारा, दोन्ही अंगांना किटल्या लावून राजदूत कुठं कुठं चढायची. पोलंडच्या एसएचएलवरून काढलेली १७५ सीसीची गाडी. दिसायला गबाळी, पण दर पहाटे दूध आणायची.

---

निवृत्त_वनपाल | ४ नोव्हेंबर

नमस्कार. पट्टी किती इंचांची यावर बरीच चर्चा झाली. त्याआधी मला थोडं बोलू द्या.

उभं झाड पाडण्यापेक्षा वाऱ्यानं पडलेलं झाड कापणं जास्त धोक्याचं असतं. मुळासकट उपटलेल्या झाडाच्या मागं मातीचा जो गड्डा उभा राहतो, त्यात टनावारी वजन असतं. बुंधा कापून वेगळा केला की तो गड्डा कधी कधी झपकन मूळ खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या पाठीमागं कुणी उभं असेल तर तो वाचत नाही. लहान मुलं तिथं खेळायला जातात, त्यांना आधी लांब काढा. कापण्यापूर्वी गड्डा वायररोपनं दुसऱ्या झाडाला बांधा, टरफर (हातानं ओढायचा वायररोपचा विंच) असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट ताणाची. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरच्या अंगाला दाब, खालच्या अंगाला ताण. वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. हे चुकलं की पट्टी लाकडात अडकते, किंवा बुंधा उभा चिरत अंगावर येतो. एकावर एक पडलेल्या झाडांत वाकून दबलेली बारकी फांदी सर्वांत वाईट. मनगटाएवढी फांदी सुटली तर जबडा फोडते, मी पाहिलंय.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लावायचा नाही. तिथं साखळी अडकली की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडं उसळतं. हेल्मेट-जाळी, कानाला मफ, पायात बूट. गावाकडं लुंगी नेसून, स्लीपरवर मशीन चालवणारे बघतो तेव्हा पोटात गोळा येतो.

आता कागदाचं. मालकी रान असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, हिरडा, खैर, किंजळ यांच्यासोबत तुमचं जांभूळ आणि ऐनही येतं. वाऱ्यानं पडलेल्या झाडाला परवानगी नाकारायची नाही असंच कायदा म्हणतो, पण अर्ज करून ती घ्यावी लागते. पंचनाम्याआधी त्या दोन बुंध्यांना हात लावू नका. नीलगिरी त्या यादीत नाही, तिला वाहतूक पासही लागत नाही. आकेशिया गाडीत भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारून घ्या.

---

नवा_पाहुणा | ४ नोव्हेंबर

येझदी तयार झाली की दाजीपूरच्या जंगलात एक राऊंड मारायला काय हरकत? सगळे मिळून जाऊ.

---

निवृत्त_वनपाल | ४ नोव्हेंबर

हरकत १९५८ पासून आहे. अभयारण्य आहे ते. गव्यांना तुमच्या दोन सायलेन्सरांचं संगीत ऐकवायला परवानगी मिळत नाही.

---

उद्यम_लेथ | ५ नोव्हेंबर

पेट्रोलवर कोण बोललंच नाही अजून. आता पंपावर मिळतंय ते ई-२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. ऊस आपला, कारखाना आपला, आणि त्याच उसानं आपल्याच कार्बोरेटरची वाट लावायची. ह्याला म्हणायचं घरचा आहेर!

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय. साळवणच्या पावसात कॅन अर्धा मोकळा ठेवला की काम झालं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, टू-स्ट्रोकला पेट्रोलात मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं. आणि चेनसॉचा फिल्टर कुठं असतो? टाकीच्या तळाला. म्हणजे इंजिनाला सगळं मिळतंय, ऑईल सोडून.

माझा नियम साधा हाय. पंधरा दिवसांत संपेल तेवढंच पेट्रोल-ऑईल मिक्स करायचं. काम झालं की टाकी मोकळी, मशीन चालू करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवायचं. येझदीचा कॉक बंद करून तसंच. ई-२० नं मिश्रण पातळ होतं, म्हणून येझदीला मेन जेट एक नंबर मोठा.

---

दोन_स्ट्रोक | ५ नोव्हेंबर

मी पाणी घालून इथेनॉल काढून टाकतो. एक लीटरला शंभर मिली पाणी, हलवायचं, खाली थर बसला की वरचं पेट्रोल ओतून घ्यायचं. जुन्या गाड्यांचे ग्रुप सगळे हेच करतात.

---

उद्यम_लेथ | ५ नोव्हेंबर

करतात. इथेनॉल गेलं की ऑक्टेनपण जातंय, हे पण सांगा त्यास्नी. आणि खाली बसलेलं ते पाव लीटर कुठं ओतता? गटारीत? चढाला इंजिन टकटक वाजायला लागलं की मग माझ्याकडंच येतात. मला धंदा हाय, माझी तक्रार नाही.

---

दोन_स्ट्रोक | ५ नोव्हेंबर

माझी वाजत नाही.

---

चाकणकर | ७ नोव्हेंबर

विषयाला थोडा फाटा देतो. चेनसॉ आणि मोटरसायकल एकाच धाग्यात वाचून गंमत वाटली, कारण स्वीडनच्या हुस्कवार्नाचं हेच झालं. १६८९ ला बंदुकांचा कारखाना, १९०३ पासून मोटरसायकली, १९५९ पासून चेनसॉ. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी मोटोक्रॉस गाजवलं. १९८७ ला मोटरसायकलचा धंदा इटलीच्या काजिवाला विकला, पुढं बीएमडब्ल्यू, मग केटीएमकडं गेला. करवतीचा धंदा वेगळाच राहिला. नाव तेच, घरं दोन. आणि त्या नावाच्या काही मोटरसायकली आता आमच्या चाकणला बजाज बनवते.

---

काजूवाली | ७ नोव्हेंबर

म्हणजे आमच्या सोप्यात चेनसॉ आणि सासऱ्यांची यामाहा शेजारी शेजारी असतात ते परंपरेला धरूनच आहे म्हणायचं.

---

घाटवाट_०९ | १४ डिसेंबर

मंडळी, बरेच दिवस गायब होतो. सांगायला लाज वाटतेय, पण सांगतो.

तुमचं ऐकून ३२ सीसीचं, १६ इंची कंपनीचं मशीन घेतलं. वनपालसाहेबांनी सांगितलं तसं गड्डे बांधून घेतले. अर्ज दिला, पंचनामा झाला, जांभूळ-ऐन सध्या तसेच पडून आहेत. नीलगिरीची चार झाडं दोन रविवारांत निघाली. चिपळ्या अगदी खोबऱ्याच्या किसासारख्या, लेथदादा!

तिसऱ्या रविवारी पुतण्या सोबत होता. वर दोन कॅन नेले होते, दोन्ही पांढरे. एकात मिक्स, दुसऱ्यात फवारणी पंपाचं साधं पेट्रोल, तो पंप फोर-स्ट्रोक आहे. मी फांद्या ओढत होतो. त्यानं मदत म्हणून टाकी भरली. मशीन सुरू झालं, आवाज एकदम टणटणीत, नेहमीपेक्षा चढा. मला वाटलं आज गरम झालंय छान. तीन-चार मिनिटांत एका आकेशियात आवाज जड झाला आणि बंद. दोरी ओढली तर हलेना. मफलर काढून आत बघितलं, पिस्टनवर उभे ओरखडे.

पुतण्याला काही बोललो नाही. कॅनवर लिहिलं नव्हतं ते मीच. पण उद्यमनगरात बोअरिंग करून मोठा पिस्टन बसतो का, ते सांगा. आणि शिव्या घालायच्या असतील तर व्यनितून (खासगी निरोपातून) घाला.

---

उद्यम_लेथ | १४ डिसेंबर

शिव्या कशाला, आमच्याकडं दहातली सहा मशीनं ह्याच कारणानं येतात. बाकीची चार माणसं खरं सांगत नाहीत.

बोअर होत नाही ते. येझदीत लोखंडी स्लीव्ह असते, ६५ चा बोअर, पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज करत चार वेळा जीव वाचतो. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून निकासिल (निकेलचा कडक थर) नाहीतर क्रोमचा पापुद्रा. घासला की संपला.

पण लगेच टाकू नको. बहुतेक वेळा सिलिंडर खरवडलेला नसतोच, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून त्याच्या भिंतीला चिकटलेलं असतं. ते मीठाच्या आम्लानं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडनं निघतं. कानात घालायच्या काडीला कापूस, तो थेंबभर ॲसिडात बुडवून फक्त त्या चकचकीत डागावर लावायचा. बुडबुडे येतात, म्हणजे ॲल्युमिनियम खातंय. बुडबुडे थांबले की पाण्यानं धुवायचं, परत लावायचं. पोर्टांच्या कडेला उघडं ॲल्युमिनियम असतं, तिथं एक थेंब गेला तर ते पण खाईल. हातमोजे, चष्मा, आणि हे मोकळ्या परड्यात. धुऊन झालं की नख फिरवून बघ. अडकलं नाही तर नवा पिस्टन, रिंग, आणि मशीन परत रानात. अडकलं तर सिलिंडर किट.

मशीनचं पुस्तक बघून ऑईल घाल. त्याच कंपनीचं ऑईल असलं तर बरेचजण ५० ला १ सांगतात, म्हणजे लीटरला २० मिली. साधं टू-टी असलं तर २५ ला १, लीटरला ४०.

साखळीचं ऑईल वेगळं, हे पण ध्यानात असू दे. जळकं काळं ऑईल पट्टीला घालू नको, त्यातला लोखंडाचा कीस पंप खातो.

---

काजूवाली | १५ डिसेंबर

आमच्याकडं मिक्सच्या कॅनला लाल कापड बांधलेलं असतं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

---

निवृत्त_वनपाल | १५ डिसेंबर

मशीन बंद आहे तोवर कुऱ्हाड काढा. दांडा धामणीचा घाला. लवचिक असतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत. तिवसही चालतो, पण अनुसूचीत आहे. बाजारातल्या तयार दांड्यांपेक्षा कुठलाही बरा. आणि बारक्या फांद्यांना मशीन लावायचं कारणच नाही, कोयत्यानं पटापट होतात.

---

घाटवाट_०९ | ११ जानेवारी

ताजी खबर. डाग निघाला, नख कुठं अडकलं नाही. नवा पिस्टन बसवून मशीन चालू आहे. मिक्सच्या कॅनला लाल फडकं.

आणि येझदी! सीलं दोन्ही अंगांची बदलली. डावीकडचं बाहेर काढताना बिस्किटासारखं तुटलं. पॉइंट, कंडेन्सर, कॉकचा बूच, कार्बोरेटरची सुई, सगळं नवं. टाकीतून अडीच मुठी गंज निघाला, आणि का कुणास ठाऊक, एक चार आण्याचं नाणं. काल सकाळी चुलते काठी टेकत गोठ्यात आले. मला म्हणाले, सरक. दांडा आत दाबला, मागं वर घेतला, आणि दुसऱ्या किकला गाडी उठली. धुरानं गोठा भरला, कोंबड्या बाहेर, म्हैस दावं तोडायला लागली, आणि चुलते आतच उभे, बाहेर यायला तयार नाहीत.

कागदांचंही बघितलं. जुन्या गाड्यांचे २०२१ चे व्हिंटेज नियम पन्नास वर्षांच्या पुढच्या गाडीला आहेत, त्यामुळं ८२ ची बसत नाही. आरसी पाच वर्षांसाठी नूतनीकरणाला टाकलीय. तोवर सडकेवर नाही, फक्त आमच्या रानातल्या वाटेला. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी केलंय, पहिल्यात जांभा चढते. पट्टीला म्यान घालून मशीन मागं आडवं बांधतो, टाकी मोकळी करून.

एक अडचण राहिली. दांडा गिअरवर परत येताना मधेच अडकतो, पायानं खाली ढकलावा लागतो. स्प्रिंग थकली असावी. कुणाकडं जुन्या इंजिनातली चांगली असेल तर व्यनि करा. शनिवारी उद्यमनगरात येतोच आहे.